डोक्यावरची पाटी, भिंतीवरची पाटी

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. गोदीत बोट लागली नव्हती, आमची टोळी चार दिवस रिकामी. मुकादम म्हणाला, फोर्टात काम आहे, हलकं आहे, माणशी आठशे. मुकादमाच्या तोंडचं ‘हलकं’ आम्ही पाठीनं ओळखतो. सात जण गेलो. दारूखान्यातून बोटीच्या नांगराची गंजकी साखळी उचलायची, शिवडीच्या खाडीतला गाळ गोण्यांत भरायचा, जुने सोल, फुटक्या फळ्या, सगळं टेम्पोत टाकायचं आणि एका आर्ट गॅलरीच्या दुसऱ्या माळ्यावर चढवायचं. लिफ्ट होती. लिफ्ट घाण होते म्हणून जिन्यानं. चाळीस गोण्या ओला गाळ, जिन्यानं. वर पांढरा शुभ्र हॉल, दवाखान्यासारखा. एक बाई सांगत होती, इथे ओता, जरा डावीकडे, नाही, इतकं नीट नको, नैसर्गिक दिसलं पाहिजे. आम्ही नैसर्गिक ओतलं. साखळी टाकली, तीही नैसर्गिक. आमच्यातल्या म्हाताऱ्याचं बोट साखळीखाली आलं, नख गेलं. तेही नैसर्गिकच म्हणायचं. त्याचे वरचे पैसे मिळाले नाहीत.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी एकटाच परत गेलो. मी कविता लिहितो, तुम्हाला माहीत आहे. वाटलं, आपण वाहिलेला चिखल दिव्याखाली कसा दिसतो ते बघावं. दारावरच्या वॉचमननं अडवलं. वॉचमन आपलाच, नायगावचा. हळू आवाजात म्हणाला, ‘भावा, आज मोठी माणसं आहेत. तू मंगळवारी ये ना.’ त्याच्यावर राग नाही, त्याचीही नोकरी कंत्राटीच आहे. मंगळवारी गेलो.

भिंतीवर पाटी होती, इंग्रजीत. मी दहावी पास. इंग्रजी अडखळत वाचतो, पण वाचतो. समुद्र आणि जमीन यांच्यामधली रेषा प्रवाही असते, ती आपल्या आत कशी वाहते, असं काहीतरी. खाली सामानाची यादी : लोखंड, दोर, लाकूड, खाडीचा गाळ. मिश्र माध्यम. मी तीनदा वाचलं. लोखंडाचं नाव आहे. चिखलाचं नाव आहे. सात माणसांचं नाही. नाव सोडा, आकडासुद्धा नाही.

दोस्तांनो, आपल्या भाषेत पाटी म्हणजे भरणीची टोपली, जी आपल्या आज्यांनी डोक्यावर वाहिली. आणि पाटी म्हणजे भिंतीवरची ही, जिच्यावर नाव लिहितात. आजवर पहिली पाटी आमची आणि दुसरी त्यांची अशी वाटणी चालत आली आहे. समुद्र आणि जमीन ह्या विषयावर जी कला सध्या जोरात आहे, तिच्याशी माझं भांडण ह्या वाटणीवरून आहे. रंगरेषा मला कळत नाहीत असं म्हणून मला गप्प बसवता येणार नाही. रेषेचंच बोलू या.

ह्या लोकांचं म्हणणं मी आधी नीट मांडतो. न समजता शिव्या घालणं हे आपलं काम नाही. 2009 साली काळा घोड्याच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘सोक’ नावाचं प्रदर्शन झालं. अनुराधा माथुर आणि दिलीप दा कुन्हा ह्या दोघांचं. मी तेव्हा शाळेत होतो. प्रदर्शन पाहिलं नाही, त्याचं पुस्तक पुढे एका प्राध्यापकाच्या घरी चाळलं, चित्रं बघितली, जमेल तेवढं वाचलं. त्यांचा मुद्दा असा : मुंबई हे बेट नाही, मुंबई ही खाडी आहे. भरती आणि पाऊस जिथे एकमेकांत मुरतात अशी ओली जागा. समुद्र इथे संपला आणि जमीन इथे सुरू झाली ही पक्की रेषा इंग्रजांच्या नकाशानं मारली. आपण त्या रेषेवर विश्वास ठेवला आणि 26 जुलै 2005 ला पाणी आलं तेव्हा म्हणालो, पाणी घुसलं. पाणी घुसलं नव्हतं, पाणी आपल्याच जागी आलं होतं.

हे खरं आहे. मी शपथेवर सांगतो. त्या दिवशी आम्ही कुर्ल्याला होतो, मिठीच्या काठाला. मी सात वर्षांचा. आईनं मला आणि बहिणीला शेजारच्या पोटमाळ्यावर चढवलं आणि ती रात्रभर खाली गळ्याइतक्या पाण्यात रेशनकार्डाची पिशवी डोक्यावर धरून उभी होती. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला झाला 73. तीच मुंबई, तोच दिवस. काळा घोड्याला छत्री पुरली असेल.

पण आता माझा प्रश्न. रेषा नकाशावर इंग्रजानं पेनानं मारली, कबूल. ती पाण्यात कुणी मारली? पेनानं समुद्र हटत नाही. समुद्र हटतो दगडानं, मातीनं, केरानं. दगड-माती-केर चालत जात नाहीत. ते कुणाच्या तरी डोक्यावरून जातात. ‘नकाशानं रेषा मारली’ असं म्हटलं की गोरा साहेब पापी, आपला कलावंत पुण्यवान, आणि मधला पाटीवाला गुल.

वरळीचा बांध घ्या, हॉर्नबी वेलार्ड. अठराव्या शतकात बांधला. महालक्ष्मीच्या खाडीतून समुद्र आत येई, तो ह्या बांधानं अडवला. गोष्ट तुम्ही ऐकली असेल : बांध टिकेना, पुन्हा पुन्हा कोसळे. मग रामजी शिवजी प्रभू नावाच्या इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, म्हणाली, मी पाण्यात पडले आहे, मला बाहेर काढ. मूर्ती काढल्या, देऊळ बांधलं, बांध टिकला. ह्या गोष्टीत गव्हर्नरचं नाव आहे, इंजिनिअरचं नाव आहे, जातसुद्धा आहे. देवीचं नाव आहे. बांध कोसळला तेव्हा त्याच्यावर उभे असलेले कुठे गेले? स्वप्न इंजिनिअरला पडलं. कोसळला बांध तो दुसऱ्याच कुणाच्या अंगावर. किल्ल्याच्या बुरुजाखाली महार जोडपं पुरल्याच्या कथा गावोगाव सांगतात. त्यांत निदान पुरलेल्याचा उल्लेख तरी असतो.

भाऊचा धक्का घ्या. आज सगळे अलिबाग-मांडव्याला जातात तो नवा, मूळचा नव्हे. मूळ धक्का भाऊ अजिंक्यांनी 1841 च्या सुमारास बांधला. शहराचा केरकचरा टाकून ती भरणी केली असं जुने लोक सांगतात. भाऊ हुशार माणूस, त्यांचं नाव राहिलं, माझी तक्रार नाही. पण 1841 साली मुंबईचा केर कुणाच्या हातानं उचलला जात होता? ह्या प्रश्नाला संशोधन लागत नाही. आजही नाक्यावर सकाळी सहाला जाऊन उभे राहा आणि झाडूवाल्याचं आडनाव विचारा.

बॅलार्ड इस्टेट तर आमच्या गोदीच्या पोटातून निघालं. अलेक्झांड्रा डॉक, आताची इंदिरा गोदी, 1914 ला सुरू झाली. तिच्यासाठी जो खड्डा खणला त्याची माती बाजूला टाकून 22 एकर जमीन झाली, आणि तिच्यावर त्या सारख्या उंचीच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. आज तिथल्या कॅफेत दोनशे रुपयांची कॉफी पीत लोक ‘पोर्टस’ आणि ‘पोअर्स’ वगैरे बोलतात. बाबांनो, तुम्ही खड्ड्यातल्या मातीवर बसला आहात. खड्डा पलीकडे आहे, त्यात बोट लागते, आणि बोट लागली की आमचं पोट.

आणि सर्वांत मोठी गंमत ऐका. 1920 साली मुंबई सरकारनं डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. बीडीडी. त्या खात्यानं दोन कामं केली. एक, बॅक बे भरायला घेतला. त्यातला गोंधळ आणि पैशाची नासाडी खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणली. दोन, वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे 207 चाळी बांधल्या. बीडीडी चाळी! जिथे आपले बापजादे दहा बाय बाराच्या खोलीत दहा-बारा जण राहिले, जिथे 1974 च्या जानेवारीत दगड आणि ॲसिडचे बल्ब झेलले. एकाच खात्यानं, एकाच टेबलावर, समुद्र भरून श्रीमंताला मरीन ड्राइव्ह दिला आणि मजुराला ती खोली. समुद्र-जमिनीच्या नात्यावर काम करणाऱ्या कलावंतांनो, हे नातं काढा की चित्रात. की ते प्रवाही नाही म्हणून नको?

गिरणीत विणाई खात्यात आमच्या माणसाला घेत नसत. तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, धाग्याला थुंकी लागे, विटाळ व्हायचा. गोदीत गोणीला विटाळ नव्हता. म्हणून आमचे लोक गोदीत आले, रेल्वेत आले, म्युनिसिपालटीत झाडू धरून आले. तेव्हा शहराच्या काठाला आम्ही निसर्गप्रेमानं येऊन बसलेलो नाही. ढकलत ढकलत काठाला आणलं, आणि आता काठ सुंदर झाला म्हणून तिथूनही हलवायला बघतात.

14 एप्रिल. ही तारीख ऐकली की आपल्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. 1944 च्या 14 एप्रिलला बाबासाहेब दिल्लीत मजूरमंत्री होते. त्या दिवशी दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ बोट फुटली. पोटात दारूगोळा, कापूस आणि सोनं. शेकड्यांनी माणसं मेली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्यासाठी दर वर्षी दिवस पाळतात, बरोबर पाळतात. हमालांसाठी दिवस नाही. पुढे 8 हजार माणसांनी 7 महिने खपून 5 लाख टन मलबा उपसला. गाळ काढताना सोन्याच्या विटा नंतरही सापडत राहिल्या, त्यांच्या बातम्या झाल्या. एवढं सगळं आमच्या गोदीच्या तळाशी आहे आणि गॅलरीवाल्यांना तळाशी काय दिसतं? ‘स्मृतीचा गाळ’. अरे, स्मृती बाजूला ठेव, कुणाची ते सांग.

आता ससून डॉक. 1875 ची गोदी, अफूच्या धंद्यातून गबर झालेल्या ससून घराण्यानं बांधलेली. 2017 साली तिथे मोठा कला प्रकल्प झाला. नंतर 2022 च्या डिसेंबरपासून 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत पुन्हा मोठा उत्सव, विषयच समुद्र आणि शहर यांच्या मधली जागा. हा दुसरा मी पाहिला, दोनदा. फुकट होता, गर्दी तुफान, पोरापोरींचे फोटो, रीळ. आत एक-दोन कामं बघून मी थबकलो, खोटं बोलणार नाही. पण बाहेर येऊन वीस पावलं चाललो तर कोळंबी सोलणाऱ्या बाया बसलेल्या. बर्फात हात, बोटं पांढरीफटक, सुरकुतलेली. प्रदर्शनाला आलेले लोक त्यांच्या जवळून नाकाला रुमाल लावून जात होते आणि आत जाऊन समुद्राच्या वासाबद्दल बोलत होते. मी एका मावशीला विचारलं, आत गेलीस का? ती म्हणाली, ‘किलोवर पैसे हायेत बाबा. आत गेलं तर किलो कोण भरंल?’

2017 मध्ये तिथल्या भिंतींवर कोळणींचे, गोदीवरच्या माणसांचे मोठेमोठे फोटो चिकटवले होते. चेहरेच चेहरे. जगभर असं करतात म्हणे, एका फ्रेंच कलावंताची ती चळवळ. मला त्यात वाईट हेतू दिसत नाही. हेतूवर मी बोलतच नाही. चेहरा मोठा केला की माणूस मोठा होतो का, एवढंच विचारतो. पोलिसांकडेही आमचे चेहरे असतात. चेहऱ्याखाली मजुरी लिहा. चेहऱ्याखाली लिहा, हिला मासे ठेवायला बर्फ कितीला पडतो, हिच्या बसायच्या जागेचा कागद आहे का. मग बघू किती जण त्या भिंतीसमोर सेल्फी काढतात.

इथे आपल्यातलाच एक दोस्त मला टोकतो. म्हणतो, ‘तू कशाला ह्या गॅलरीवाल्यांच्या नादी लागतोस? ते त्यांचं भंकस करतायत, तू तुझ्या ओव्हरटाइमचं बघ.’ त्याला माझं उत्तर : कॉन्ट्रॅक्टर मला माझ्या रोजात फसवतो, ते मी मोजू शकतो. हे लोक मला माझ्या आज्याच्या रोजात फसवतात. मुंबई कुणी उभी केली हा जमिनीचा प्रश्न आहे. पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन मोकळी करायचे आराखडे वर्षानुवर्षं निघतात. त्यांत बगिचे असतात, मरिना असतं, म्युझियम असतं. आधी चित्रात किनारा रिकामा दाखवायचा. लाटा, चिखल, फ्लेमिंगो, गंज. मग कागदावर रिकामा. मग बुलडोझरनं रिकामा. तेव्हा चित्रात आम्ही नसणं ही साधी गोष्ट नाही, मित्रा.

आणि हे दुसऱ्या तऱ्हेनं करता येतं. करून दाखवलेलं आहे. म्हणून तर राग येतो.

‘कॅम्प’ नावाचा मुंबईचा गट आहे, शायना आनंद आणि अशोक सुकुमारन यांचा. त्यांनी 2013 साली एक फिल्म काढली, ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’. कच्छ-सौराष्ट्रातले, सिंधचे, बलुचिस्तानचे, इराणचे खलाशी मोठ्या लाकडी गलबतांवर माल भरून आखातात, सोमालियापर्यंत जातात. त्या खलाशांनी आपल्याच मोबाइलवर काढलेले व्हिडिओ, त्यांवर त्यांनीच लावलेली गाणी. बकऱ्या भरलेली बोट, गाड्या भरलेली बोट, जेवण, थट्टा, वादळ, एक बोट जळताना. मोबाइल हातात खलाशाचा, त्यामुळे समुद्र त्याच्या उंचीवरून दिसतो. कुठे थांबायचं, काय दाखवायचं हे त्यानं ठरवलंय. मी ती फिल्म आमच्या टोळीतल्या दोघांना दाखवली. आर्ट फिल्म म्हटल्यावर जांभया देतील वाटलं होतं. शेवटपर्यंत बघितली, आणि लोडिंग चुकीचं आहे, असं भरलं तर बोट कलंडणार, म्हणून भांडले. मला ह्याहून मोठं परीक्षण माहीत नाही.

पराग तांडेल ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याचे. शिकलेले शिल्पकार, आणि कोळी. ते आणि कादंबरी कोळी मिळून कोळ्यांच्या वस्तू, शब्द, गोष्टी गोळा करून ठेवतात, संग्रहालय लोकांच्यात नेतात. तिथे ‘समुद्राशी नातं’ शोधावं लागत नाही, नात्यातलाच माणूस बोलतो. कोळी आणि आपण एक नाही, हे मला ठाऊक आहे. ते इथले मूळचे, आपण देशावरून, कोकणातून पोटामागे आलेलो. आपल्याशीही त्यांच्या वाड्यात कधी कसं वागले हे विसरायचं कारण नाही. पण आपलं म्हणणं आपण सांगायचं ह्या गोष्टीत ते पुढे आहेत, आणि ते शिकण्यासारखं आहे.

अमेरिकेत ॲलन सेक्युला नावाचा फोटोग्राफर होऊन गेला. 1989 ते 1995 तो बंदराबंदरांत फिरला, ‘फिश स्टोरी’ केली. नंतर 2010 मध्ये नोएल बर्शबरोबर ‘द फरगॉटन स्पेस’ ही फिल्म. त्याचं सांगणं साधं : समुद्र आता कुणाला दिसत नाही, कारण माल खोक्यात गेला आणि खोक्याबरोबर कामगार दिसेनासा झाला. हे वाचून मी उठून बसलो, कारण ही आमच्या घरची गोष्ट. 1989 ला न्हावा-शेवा सुरू झालं. माल खाडीच्या पलीकडे गेला, खोक्यांत. अलीकडच्या टोळ्या रोडावत गेल्या. 1948 च्या गोदी कामगार कायद्यानं रोज न मिळालेल्या दिवसाचीही हजेरी मिळायची सोय झाली होती, हाजिरी बोर्ड होता, पगार होता. माझ्या आजोबांकडे ते कार्ड होतं, घडी पडून चार तुकडे झालेलं. माझ्याकडे मुकादमाचा मोबाइल नंबर आहे.

ह्या हजेरीवरून कोचीची एक गोष्ट. मी कोचीला गेलेलो नाही. आमच्याकडे लागलेल्या एका बोटीवरचा मट्टनचेरीचा पोरगा सांगत होता, नंतर मी पडताळून घेतली. तिथल्या बंदरात ‘चाप्पा’ची पद्धत होती. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस धातूचे बिल्ले हातात घेऊन यायचा आणि जमलेल्या मजुरांच्या गर्दीत फेकायचा. ज्याच्या हाताला बिल्ला लागला त्याला त्या दिवशी काम. बिल्ल्यासाठी माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची. 1953 च्या सप्टेंबरात त्याविरुद्ध कामगार उठले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, तीन कामगारांचे जीव गेले. त्यावर राजीव रवीचा ‘तुरमुखम’ सिनेमा 2023 ला आला, मिळाला तर बघा.

त्याच कोचीत, त्याच मालाच्या जुन्या वखारींत 2012 पासून बिनाले भरतं. मिरी, सुंठ, खोबरेल जिथे भरायचे त्या ॲस्पिनवॉल हाऊसमध्ये जगातली चित्रं लागतात. 2016 मध्ये चिलीच्या राऊल झुरिता ह्या कवीनं तिथली एक लांबलचक वखार समुद्राच्या पाण्यानं भरली. गुडघ्याइतकं पाणी. त्यातून चालत पलीकडे जायचं. समुद्रात बुडून मेलेल्या सीरियाच्या गालिप कुर्दीसाठी ते काम होतं. गालिप म्हणजे किनाऱ्यावर पालथा पडलेल्या त्या लाल शर्टातल्या पोराचा भाऊ, ज्याचा फोटो कुणी काढला नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या तोंडात शिवी आली. च्यायला, गुडघाभर पाण्यातून चालणं ही कला? दर जुलैमध्ये आमची अख्खी वस्ती हे फुकटात करते. मग कळलं की 1973 ला चिलीत लष्करानं सत्ता घेतली तेव्हा ह्या माणसाला पकडून शेकडो लोकांबरोबर एका जहाजाच्या तळघरात डांबलं होतं. शिवी मी गिळली. ज्यानं जहाजाचा तळ आतून बघितला त्याला पाणी भरायचा हक्क आहे. मी सगळ्यांना एका पाटीत घालत नाही. पण एक सांगतो, झुरिताचं नाव घेऊन आपल्याकडचे सतरा जण आता पाणी भरतील, आणि त्यांपैकी एकानंही आयुष्यात साधा हंडा भरलेला नसेल.

हंड्यावरून आठवलं. आता आम्ही रे रोडच्या अंगाला राहतो, भरणीच्या जमिनीवर. दारात समुद्र, भरतीला घरात समुद्र, आणि प्यायला पाणी विकत. लांबून पाईप ओढून आणतात, मोटर लावतात, पिंपामागे पैसे. कधी पाईप कापून नेतात, मग चार दिवस बोंब. 20 मार्च 1927 ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली. तळ्याचं पाणी कसं लागतं हे बघायला ते गेले नव्हते, माणूस म्हणून हक्क लावायला गेले होते. माझी आई शंभर वर्षं होत आली तरी पाण्यासाठी रांगेत आहे, समोर अख्खा अरबी समुद्र ठेवून. ‘पाणी आणि मानवी अस्तित्व’ ह्यावर इन्स्टॉलेशन करायचं असेल तर आमच्या गल्लीत या, पहाटे तीनला. उद्घाटनाला चहा आम्ही देऊ, पाणी तुम्ही आणा.

मराठी कवितेतला समुद्रसुद्धा असाच, बाल्कनीतून बघितलेला. गाज, क्षितिज, एकाकीपण. मीही लिहिल्या आहेत तसल्या तीन-चार, कुणाकडे असतील तर जाळून टाका. ज्यांच्या शास्त्रात समुद्र ओलांडला की जात बुडायची त्यांनी समुद्रावर एवढं हळवं व्हावं ह्याचं मला हसू येतं. आपला समुद्र वेगळा. 1913 ला बाबासाहेब त्यावरून गेले. 1917 ला परतताना त्यांनी जमवलेली पुस्तकं दुसऱ्या बोटीनं पाठवली, ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. समुद्राच्या तळाशी आमची पुस्तकं आहेत, साहेब. पोटाला चिमटा काढून घेतलेली. ह्या समुद्राचं चित्र कुणी काढलंय?

एक खरं काम मी पाहिलं ते गॅलरीत नव्हतं. सागरी रस्ता बांधताना वरळीच्या क्लीव्हलँड बंदराजवळ दोन खांबांत 60 मीटर अंतर ठेवलं होतं. कोळी म्हणाले, ह्यातून आमच्या होड्या सुखरूप जाणार नाहीत, वाऱ्यात, भरतीत आपटतील. इंजिनिअर म्हणाले, जातील. कोळ्यांनी होड्या आडव्या घातल्या, काम थांबवलं, वर्षानुवर्षं बसले. शेवटी सरकारनं अंतर 120 मीटर केलं. त्यांनी त्याहून जास्त मागितलं होतं. समुद्र आणि जमीन यांच्यामधली रेषा किती मीटरची असावी हे ज्यांनी पाण्यात उभं राहून भांडून ठरवलं, त्यांच्या नावाची पाटी रस्ता उघडला तेव्हा लागली नाही.

तर, त्या गॅलरीतलं प्रदर्शन संपायच्या आधीच्या मंगळवारी मी पुन्हा गेलो. गाळ वाळून भेगाळला होता, चांगला दिसत होता खरं तर. मी घरून पुठ्ठा नेला होता, बॉक्स फाडून, त्यावर मार्करनं मराठीत लिहिलेलं :

गाळ – 40 गोण्या. साखळी, सोल, फळ्या – एक टेम्पो. माणसं – 7. माळे – 2, जिन्यानं. मजुरी – माणशी 800, त्यातले 100 मुकादमाचे. नख – 1.

म्हाताऱ्याला आधी वाचून दाखवलं होतं. म्हणाला, ‘नखाचं काय लिवतोस, नखाचे पैसं माग.’ मी म्हटलं, दोन्ही करू. पुठ्ठा त्यांच्या पाटीखाली चिकटपट्टीनं लावला, सरळ आहे का ते मागे सरून बघितलं. नायगावचा वॉचमन दारात होता. त्यानं पाहिलं, आणि तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. बुधवारी दुपारपर्यंत तो पुठ्ठा तिथेच होता, असं तो सांगतो. चार-पाच जणांनी फोटोही काढले, त्यांना तो कामाचाच भाग वाटला.